संघटनेचा खर्च कोणी सोसावा?

लासुर्णे परिसरात वालचंदनगर व भवानीनगर येथे कारखाने उभे राहिले आणि कामगार संघटना ग्रामजीवनाचा भाग झाली. सहकारी कारखानदारीस शासनाने भागभांडवल पुरविले. तेव्हा सार्वजनिक पैशातून संघटनेचेही काम चालावे काय, असा प्रश्न उद्भवतो.

कामगार संघांची मान्यता व अनुचित कामगार प्रथा यांविषयीच्या राज्याच्या १९७१ च्या अधिनियमाने याबाबत मर्यादा आखली. मालकाने संघाला आर्थिक पाठबळ देणे ही अनुचित प्रथा ठरली. मात्र मान्यताप्राप्त संघाला आवारात वर्गणी गोळा करण्याचा, सूचनाफलक लावण्याचा व कामात व्यत्यय न आणता सभासदांशी चर्चा करण्याचा हक्क मिळाला. मान्यतेसाठी सभासद-वर्गणी दरमहा किमान ५० पैसे ठरली.

रक्कम अल्प खरी. परंतु तिच्यामुळेच संघ सभासदांना उत्तरदायी राहतो. ज्याच्या पैशावर संघ चालेल, त्याच्याशीच तो वेतनाची वाटाघाट निर्भयपणे कशी करणार? म्हणून जागा व संधी आस्थापनेने द्यावी. पैसा मात्र कामगाराचाच असावा.