निगेटिव्हवर चाललेला चाकू

हिमकणाचा फोटो काढणाऱ्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती स्वतःच्या श्वासाची. एक ऊबदार उच्छ्वास, आणि समोरच्या नक्षीचं पाणी. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात जेरिको नावाच्या गावी विल्सन बेंटली हा शेतकरी सगळा हिवाळा बिनशेगडीच्या थंडगार खोलीत काम करायचा, ते याचमुळे. बर्फ पडू लागला की तो काळा फळा बाहेर धरायचा. त्यावर उतरलेल्यांपैकी एखादा कण मनात भरला, की लाकडाच्या बारीक काडीने उचलून काचपट्टीवर ठेवायचा, पिसाने अलगद दाबून सपाट करायचा आणि श्वास रोखून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. सूक्ष्मदर्शकाला मागे भात्याचा कॅमेरा जोडलेला. उजेड बाहेरचाच, कणाच्या आरपार येणारा. एवढ्याशा उजेडात काचेवर चित्र उमटायला बराच वेळ लागे. तेवढ्यात कण वितळला नाही तरी झिजू लागे, कारण बर्फाची पाणी न होता थेट वाफही होते. टोकदार कडा आधी बोथट होतात.

बेंटलीचा जन्म 1865चा. आई पूर्वी शिक्षिका होती. तिने मुलाला बराच काळ घरीच शिकवलं आणि तो पंधरा वर्षांचा झाला तेव्हा सूक्ष्मदर्शक दिला. सुरुवातीला तो हिमकणांची चित्रं काढायचा, पण चित्र पुरं होईतो समोरचा नमुना जागेवर नसायचा. मग कॅमेऱ्याचा हट्ट. वडिलांच्या लेखी हा सगळा खुळा उद्योग होता, तरी कॅमेरा घरात आला, आणि 15 जानेवारी 1885 रोजी पहिला फोटो नीट उमटला. पुढच्या सेहेचाळीस वर्षांत त्याने पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. पाऊसही सोडला नाही. पिठाच्या थरावर थेंब झेलायचे आणि तयार झालेल्या गोळ्या मोजून थेंबांचे आकार काढायचे, ही त्याची युक्ती. तिच्यावरचा त्याचा लेख 1904मध्ये प्रसिद्धही झाला.

आपल्याकडे आकाशातून पडतात त्या गारा, आणि त्यांच्यावरून हिमकणाचा अंदाज बांधता येत नाही. गार म्हणजे ढगातल्या थंड थेंबांचे गोठत गेलेले थर. हिमकण मात्र वाफेतून वाढतो. मधे पाणी येतच नाही. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून कणाला सहा बाजू. कोपरे हवेत अधिक पुढे असतात, त्यांना वाफ आधी मिळते, ते भराभर वाढतात आणि फांद्या फुटतात. हिमकणाला सहाच कोन का, हा प्रश्न योहानेस केप्लरने 1611मध्ये एका छोट्या पुस्तिकेत विचारला होता. उत्तर मिळायला क्ष-किरणांची वाट पाहावी लागली.

आता त्या चाकूकडे येऊ. बेंटलीच्या मूळ फोटोंत पारदर्शक कण उजळ पार्श्वभूमीवर असे, आणि त्याच्या कडा नीट उठून दिसत नसत. म्हणून तो निगेटिव्हची दुसरी प्रत काढायचा आणि कणाभोवतीचा लेप पात्याने खरवडून टाकायचा. मग छपाईत भोवतालचा भाग काळाकुट्ट येई. आज जगभर भेटकार्डांवर दिसतो तो काळ्यावरचा शुभ्र तारा असा कोरून काढलेला आहे. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमान यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी रिचर्ड नॉयहाउस यांच्याकडून हिमकणांचे फोटो काढवून घेऊन 1893मध्ये पुस्तक केलं होतं. त्यात कण जसे होते तसे आले, वाकडे, तुटके, करड्या पार्श्वभूमीवरचे. कडा कोरताना आकार बदलतो, असा त्यांचा आक्षेप होता. बेंटलीचं म्हणणं, निसर्गाशी अधिक प्रामाणिक राहता येत असेल तर हात फिरवण्यात गैर काही नाही.

मला विचाराल तर हेलमान यांचं बरोबर होतं, पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलं. बेंटलीचा हात स्थिर होता, कडा त्याने फारशा बिघडवल्या नसाव्यात. खरी काटछाट चाकू हाती घेण्याआधीच होऊन गेलेली असे, काळ्या फळ्यावर. शेकडो कणांतून तो देखणा, सममित कण उचलायचा आणि बाकीचे झटकून टाकायचा. हवामानखात्यातले पदार्थवैज्ञानिक विल्यम हम्फ्रीज यांच्यासह त्याचं पुस्तक 1931मध्ये निघालं, त्यात दोन हजार चारशेहून अधिक छायाचित्रं आहेत. त्याच वर्षी 23 डिसेंबरला न्यूमोनियाने तो गेला. हिमवादळातून पायी घरी आल्याचं निमित्त झालं.

पुढच्याच वर्षांत जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी नेमका उलटा रस्ता धरला. होक्काइदो विद्यापीठात भौतिकीचं अद्ययावत साहित्य नव्हतं, बर्फ मात्र मुबलक होता. तोकाची पर्वतावर त्यांनी सुमारे तीन हजार फोटो काढले, आणि त्यांत सुया, स्तंभ, ओबडधोबड गोळे असं सगळं घेतलं. मग प्रयोगशाळेत हिमकण वाढवायला घेतले. पण कण हवेत टांगायचा कशावर? कापूस, रेशीम असे धागे वापरून पाहिले, तर सगळ्या धाग्यावर हिमाची बुरशी चढे. शेवटी सशाचा केस कामी आला, कारण त्यावरच्या बारीक गाठींपाशीच कण धरतात. 12 मार्च 1936 रोजी माणसाने घडवलेला पहिला हिमकण तयार झाला. कोणत्या तापमानाला आणि किती ओलाव्यात कोणता आकार येतो, याचा नकाशाच त्यांनी मांडला: उणे 2 अंशांजवळ पातळ चकत्या, उणे 5च्या आसपास सुया आणि स्तंभ, उणे 15ला फांद्यांचे तारे. म्हणजे फोटो पाहून वरच्या ढगाची हवा ओळखायची.

दोन हिमकण कधीच सारखे नसतात, हे वाक्य प्रसिद्ध झालं तेही बेंटलीमुळेच. 1988मध्ये संशोधक नॅन्सी नाइट यांनी विमानातून गोळा केलेल्या नमुन्यांत दोन अगदी सारखे दिसणारे कण दाखवले. ते साधे पोकळ स्तंभ होते, बेंटलीने बहुधा दुसऱ्यांदा वळून पाहिलेही नसते.

कॅलिफोर्नियातले पदार्थवैज्ञानिक केनेथ लिब्रेख्ट आज मागून रंगीत प्रकाश सोडून जे फोटो काढतात, ते बेंटलीच्याच वंशातले. ते अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आले, आणि ‘फ्रोझन’ सिनेमासाठीही लिब्रेख्ट यांचा सल्ला घेतला गेला. निवड तेही करतात आणि तसं उघड सांगतात. युटा विद्यापीठातल्या टिम गॅरेट यांच्या कॅमेऱ्याला मात्र निवडायची सोयच नाही. पडता पडताच प्रत्येक कण तीन कोनांतून टिपला जातो, कुणी त्याला हात लावत नाही. त्या फोटोंत सहा फांद्यांचा निर्दोष तारा फार क्वचित सापडतो. बहुतेक कण एकमेकांत गुंतलेले, गोठलेल्या थेंबांनी माखलेले, कुठे तरी मोडलेले. कण किती वेगाने खाली येईल आणि रडारला कसा दिसेल, हे त्याच्या अशा आकारावर ठरतं. म्हणून बर्फाचा अंदाज वर्तवणाऱ्यांना हे कुरूप फोटोच हवे असतात.