तीन बोटं आणि एक शिट्टी

आधी एक छोटीशी टेस्ट. एक्सेल शीट मिनिमाइझ करा, बॉसकडे पाठ फिरवा आणि तोंडाचा मोठ्ठा 'आ' करा. आता स्वतःचीच तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घालून बघा. गेली? मस्त! निरोगी तोंड साधारण एवढं उघडतं. दोनच गेली, किंवा गाल आतून ताणल्यासारखे वाटले, तर मात्र हा लेख शेवटपर्यंत वाचाच.

मला ही टेस्ट कळली ती दादामुळे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. राहणार सेलू, जिल्हा परभणी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकलं. आणि शिट्टी! थिएटरमध्ये हिरोची एन्ट्री झाली की दादाची शिट्टी आधी, बाकी पब्लिक नंतर. लहानपणी आम्हा सगळ्या भावंडांचा तोच खरा हिरो.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सेलूला गेले. पंगतीत दादा माझ्या शेजारी होता. त्याने जिलेबीचे बारीक तुकडे केले, वरण-भात पार कालवून घेतला आणि येसर आमटीची वाटी गुपचूप बाजूला सारली. वरात निघाली तशी मी ओरडले, "दादा, होऊन जाऊ दे एक शिट्टी!" त्याने ओठांचा चंबू करायचा प्रयत्न केला. नुसती हवा आली. तो हसला, मीही हसले. पण मला कसंतरीच झालं.

मावशीचं निदान तयार होतं. "त्या ठेच्यानं झालं समदं. लहानपणापासून नुसता ठेचा! आता वरीस झालं, तिखट सोडलंय त्यानं. तरी बी काई फरक न्हाई." एका दवाखान्यात 'उष्णता आहे' म्हणून त्याला मलम दिलं होतं. दादाने तिखट सोडलं होतं, चहासुद्धा कोमट करून पीत होता. शर्टाच्या खिशातली सुपारीची पुडी मात्र जागच्या जागी होती.

परळच्या लॅबमधल्या सत्यवती

मास कॉममध्ये शिकलेली मी. माझा रिसर्च म्हणजे गुगलचं पहिलं पान! यावेळी मात्र खोलात शिरले, आणि दादाच्या तोंडाची गोष्ट जाऊन पोचली थेट परळला.

१९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडातला हा विचित्र कडकपणा नोंदवला. लगेच १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी अशाच पेशंट्सबद्दल लिहिलं आणि 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव रुळलं. १९५६ मध्ये टाटा मेमोरियलचे डॉ. पेमास्टर यांनी धोक्याची घंटा वाजवली. या आजाराचं कॅन्सरशी नातं आहे, असं त्यांनी दाखवलं. पण तो होतो कशाने?

या कोड्यामागे लागलेल्या लोकांमध्ये होत्या डॉ. सत्यवती सिरसाट. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, त्याचे पहिले संचालक डॉ. व्ही. आर. खानोलकर. त्यांच्या हाताखाली सत्यवती तयार झाल्या. आपल्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हे नावही नवीन होतं, त्या काळात त्याखाली पेशींची आतली रचना बघणं हे त्यांचं काम होतं.

आणि गंमत बघा, या शास्त्रज्ञांचा एक संशय चक्क मिरचीवर होता! पेशंटचं तोंड तिखटाने पेटतं, म्हणजे दोष तिखटाचा. थोडक्यात, सेम टु सेम मावशीचं लॉजिक. सिरसाट आणि खानोलकरांनी उंदरांच्या आहारात मुद्दाम कमतरता ठेवली आणि त्यांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सेसिन लावलं. टाळूत तसे बदल दिसलेही. १९६० मध्ये हा पेपर छापून आला. म्हणजे मावशी जिंकली? थांबा. ही जोडी तिथेच अडकली नाही. १९६२ मध्ये त्यांचा पुढचा पेपर आला, आणि त्यात उंदरांवर तपासलं होतं अरेकोलिन, म्हणजे सुपारीतलं मुख्य रसायन. १९६६ मध्ये सत्यवतींनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्यासोबत या आजाराची जी व्याख्या मांडली, ती पुढे जगभरच्या डेंटिस्ट्रीच्या पुस्तकांत गेली. त्यानंतरच्या काही दशकांत लॅबमधले आणि गावोगावचे पुरावे एकाच दिशेने जमा होत गेले. मुख्य आरोपी सुपारी!

फंडा काय आहे?

कोलॅजन हा शब्द तुम्ही फेस क्रीमच्या जाहिरातीत ऐकला असेल. तेच कोलॅजन गालाच्या आतही असतं. आतला मऊ गुलाबी थर म्हणजे वरचं कापड समजा. त्याच्या खाली असतं अस्तर, म्हणजेच संयोजी ऊतक. कोलॅजनचे धागे विणलेलं, लवचीक. शरीर जुने धागे तोडतं आणि नवे विणतं, हा हिशोब कायम चालू असतो.

सुपारी हा हिशोबच बिघडवते. अरेकोलिन अस्तरातल्या पेशींना जास्त धागे विणायला लावतं. सुपारीतलं टॅनिन तेच धागे इतके चिवट करतं की शरीराला ते तोडता येत नाहीत. बाभळीच्या साली वापरून कातडं कमावतात ना? तसाच प्रकार, फक्त इथे कातडं तुमच्या गालाचं असतं. त्यात सुपारीतलं तांबं हे धागे एकमेकांत बांधणाऱ्या एन्झाइमला आणखी बळ देतं. अस्तर जाड आणि घट्ट होत जातं, रक्तपुरवठा घटतो, वरचं कापड विरतं. गाल आतून पांढुरके पडतात, बोटाला दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. तोंड उघडत नाही, जीभ नीट बाहेर येत नाही, शिट्टी वाजत नाही.

आणि तिखट का झोंबतं? वरचा थरच पातळ झालेला असतो म्हणून! म्हणजे ठेचा हा चोर नाही, चोर आल्याची शिट्टी वाजवणारा वॉचमन आहे. आमच्या घरात सगळ्यांनी मिळून वॉचमनला काढून टाकलं आणि चोराला खिशात घेऊन फिरत राहिले.

'पण यात तंबाखू नाहीये ना!'

हा डायलॉग माझाच. जेवणानंतर लागते म्हणून माझ्या बॅगेतही गोड सुपारीचं पाकीट असायचं. तंबाखू नाही, सो सेफ! पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे की सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, माणसात कॅन्सर घडवते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सुपारी मात्र लग्नाच्या तबकात, पूजेच्या ताटात आणि बडीशेपेच्या वाटीत मानाने बसलेली असते.

केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९८५ मध्ये निष्कर्ष आला, त्यांतल्या ५ जणांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. म्हणजे तेरा-चौदा जणांमागे एक. सगळ्यांनाच होतो असं नाही. पण त्या एकात आपलं माणूस असेल तर?

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कामून घाबरवायली गं?" पुढच्याच आठवड्यात मात्र तो ट्रेनने छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयात गेला. तीन बोटांऐवजी दोनही जेमतेम जात होती. गालात इंजेक्शनं सुरू झाली. घरी लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची, असा व्यायाम मिळाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, झालेले पट्टे पूर्ण जात नाहीत. सुपारी सोडली तर पुढचं नुकसान थांबवता येतं, पण तपासणी दर काही महिन्यांनी करायचीच.

सुपारी सोडून त्याला आता पाच महिने झाले. दोनदा घसरला, दोन्ही वेळा स्वतःहून फोन करून सांगितलं. माझं पाकीट कधीच कचऱ्यात गेलं. मावशी परवा विचारत होती, "मंग आता देऊ का रे बाबा याला ठेचा?" इतक्यात नको मावशी, अजून झोंबतो.

काल रात्री दादाचा व्हॉइस मेसेज आला. सात सेकंद नुसती हवा, आणि मग त्याचंच हसू. शिट्टी वाजली नाही. काडी मात्र एक वाढली आहे.

हे लक्षात ठेवा

* तिखट अचानक झोंबायला लागलं, गाल आतून पांढरट किंवा कडक वाटले, तोंड कमी उघडायला लागलं, तर डेंटिस्ट गाठा. नुसतं तिखट सोडून भागणार नाही.
* तोंडातली जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर लगेच दाखवा.
* गुटखा, पानमसाला, गोड सुपारी, साधी सुपारी: सगळ्यांत सुपारीच आहे. 'लाइट' असं काही नसतं.
* सोबत तंबाखूही सोडायची असेल तर राष्ट्रीय टोबॅको क्विटलाइन, टोल फ्री: १८००-११-२३५६.