'प्लीज' लावलं तरी उद्धट का वाटतं?

हे आपल्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं, बऱ्यापैकी तसंच ठेवलंय. ऐकायचं राहिलं असेल तर इथं वाचून घ्या.

आजचा विषय माझ्या एका फजितीपासून सुरू होतो. मी जालना जिल्ह्यातला, मराठी माध्यमाचा. बीटेक झालं, नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी परदेशातल्या क्लायंटला मेसेज टाकला, 'प्लीज सेंड मी द लॉग्स टुडे.' व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, वर 'प्लीज' पण. संध्याकाळी टीम लीडनं बाजूला घेतलं. म्हणाला, "अरे, जरा जपून लिही. ते विचारतायत, हा मुलगा ऑर्डर का सोडतो?" मला कळेचना. मी तर मनात म्हणलो होतो, 'आज लॉग्स पाठवा ना जरा.' यात उद्धट काय होतं?

आदर गेला कुठं?

जालन्याच्या बसस्टँडवर आपण दुकानदाराला काय म्हणतो? "भाऊ, एक पाण्याची बाटली द्या." एसटीत कंडक्टरला? "मामा, फाट्यावर थांबवा जरा." बघा, दोन्ही वाक्यं आज्ञेचीच आहेत. तरी कुणाला राग येत नाही, कारण 'दे' नाही तर 'द्या' आहे, सोबत 'भाऊ' किंवा 'मामा' आहे, आणि 'जरा' आहे. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटात आणि नात्याच्या शब्दात बसलेला असतो.

आता याचं इंग्रजी करा. 'दे' म्हणजे गिव्ह, 'द्या' म्हणजे पण गिव्ह. तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच 'यू'. पूर्वी इंग्रजीत 'तू'सारखा 'दाउ' हा शब्द होता. सतराव्या शतकात तो रोजच्या बोलण्यातून मागं पडत गेला. म्हणजे आपण शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं की आदर वाटेतच गळून पडतो. उरते ती नुसती आज्ञा. तिच्यापुढं 'प्लीज' लावलं तरी ती आज्ञाच राहते.

मग इंग्रजी काय करते?

ती आज्ञेचा प्रश्न करते. 'कुड यू सेंड मी द लॉग्स?' समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा ठेवायची, हे त्यातलं तत्त्व. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांचं १९८७ चं 'पोलाइटनेस' हे पुस्तक यावरच आहे. ते म्हणतात, माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. एक, आपल्याला लोकांनी आपलं मानावं. दोन, आपल्यावर कुणी काही लादू नये. आता जोडून बघा. 'भाऊ', 'मामा' पहिली गोष्ट सांभाळतात, 'कुड यू' दुसरी.

थेट बोलणं म्हणजे उद्धटपणा, असं मात्र नाही. १९८० च्या दशकात वेगवेगळ्या भाषांतल्या विनंत्या आणि माफी मागण्याच्या पद्धतींचा मोठा तुलनात्मक अभ्यास झाला. त्यात अर्जेंटिनातले स्पॅनिश बोलणारे सगळ्यात थेट निघाले आणि ऑस्ट्रेलियातले इंग्रजी बोलणारे सगळ्यात कमी थेट. प्रत्येक भाषेची सवय वेगळी, एवढंच.

ही चूक जास्त का लागते?

जेनी थॉमस या भाषाअभ्यासकांनी १९८३ मध्ये एक फार कामाची गोष्ट मांडली. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, याला भाषा येत नाही. पण व्याकरण बरोबर असून सूर चुकला, तर तो म्हणतो, हा माणूसच तसला आहे. माझं हेच झालं. 'लॉग्स सेंडिंग प्लीज' लिहिलं असतं, तर कदाचित सांभाळून घेतलं असतं. शाळेत आपले मार्क व्याकरणाला कापले गेले, सुराला कधीच नाही.

घाबरून काही जण उलट्या टोकाला जातात. 'रिस्पेक्टेड सर, काइंडली डू द नीडफुल.' ही भाषा जुन्या सरकारी पत्रांतून आणि शाळेतल्या रजेच्या अर्जातून आलेली. आपल्याकडच्या कचेरीत चालते, पण रोजच्या चॅटवर बाहेरच्या माणसाला ती अवघडलेली वाटते. शिवाय नेमकं काय करायचं, हे त्यात कळतच नाही.

आणि प्रत्येक आज्ञा टाळायची पण गरज नाही. पाहुण्याला आपण म्हणतो ना, "या, बसा, पाणी घ्या"? इंग्रजीतही 'हॅव अ सीट' सरळ चालतं. जेफ्री लीच यांचा हिशोब सोपा आहे. फायदा ऐकणाऱ्याचा असेल तर आज्ञा गोड लागते. काम आपलं असेल आणि त्रास त्याला असेल, तर प्रश्न करा.

आपल्याकडं हे आधीपासूनच आहे

गंमत म्हणजे 'कुड' हे मुळात 'कॅन'चं भूतकाळी रूप. आजच्या कामाला भूतकाळ कशाला? तर थोडं अंतर ठेवायला. आणि हे आपणही करतो! "सर, एक काम होतं तुमच्याकडं." काम तर अजून आहेच, संपलेलं नाही. तरी 'होतं' म्हणतो. "जरा विचारायचं होतं" म्हणजेच 'आय वॉन्टेड टु आस्क'.

म्हणून माझी युक्ती अशी. इंग्रजी लिहिण्याआधी मनातलं मराठी वाक्य बदलायचं. 'लॉग्स पाठवा' नाही, तर 'लॉग्स पाठवता येतील का?' त्याचं इंग्रजी आपोआप 'कुड यू' होतं. पुढं कारण जोडायचं, 'पेमेंटचा बग त्याच्याशिवाय सापडत नाहीये.' बास. दोन ओळी.

त्या क्लायंटला मी दुसऱ्या दिवशी असंच लिहिलं. लॉग्स आले, सोबत 'शुअर, नो प्रॉब्लेम' पण आलं. माझ्या मनातला आदर दोन्ही दिवशी तेवढाच होता. पहिल्या दिवशी तो फक्त पोचला नव्हता.

तुमचा असा एखादा मेसेज आठवतोय का? एकदा उघडून बघा, आणि त्याचा प्रश्न करून बघा. भेटू पुढच्या भागात!