वाहून नेलेले नव्हे, विरलेले

सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हा मातीतला कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली त्याच्या आनुवंशिकतेवर लिहिले, तेव्हापासून तो प्रयोगशाळांचा लाडका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही चेतापेशींच्या अभ्यासासाठी तो वाढवला जातो. त्याचे अंडे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे. पहिले विभाजनच असमान: पुढची पेशी मोठी, मागची लहान. पण पुढच्या पिढीची बीजे फक्त धाकट्या पेशीच्या वंशात तयार होतात.

त्या वंशाची खूण म्हणजे 'पी कण', प्रथिने आणि आरएनए यांचे बारीक पुंजके. फलनानंतर ते अंडभर विखुरलेले असतात, विभाजनापूर्वी मागच्या अर्ध्यात गोळा झालेले दिसतात. पेशीतला प्रवाह त्यांना मागे नेत असावा, हा तर्क साहजिक होता. मीही माझ्या वहीत कित्येक वर्षे तसाच बाण काढत आलो.

२००९ साली ड्रेस्डेनमध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी एकेका कणाचा माग काढला. वाहतुकीने हिशेब जुळेना. पुढचे कण जागीच विरत होते आणि मागे नवे साकळत होते. दोन कण भेटले की एक होत, केंद्रकावरून ओघळत. म्हणजे ते थेंबच होते. थंडीत सकाळी आमच्या खारघरच्या टेकड्यांवर गवताला दव दिसते. ते कोणी उचलून आणलेले नसते. गारवा असेल तिथे हवेतली वाफ थेंब होते.

अंड्यातली ही जागा शुक्राणू ठरवतो: तो शिरतो ती बाजू बहुधा मागची होते. प्रवाह खराच आहे, पण त्याचे ओझे वेगळे. अंड्याच्या कडेने तो पार-३, पार-६ ही प्रथिने पुढे नेतो, आणि मोकळ्या झालेल्या मागच्या कडेवर पार-१ बसते. (ही वाटणीची 'पार' जनुके केन केम्फ्यूस यांच्या गटाने १९८८ साली जाहीर केली.) पार-१ मागे असलेल्या मेक्स-५ या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवून सैल करते, म्हणून मेक्स-५ पुढे साठते. तिथे ते आरएनए धरून बसते. कणांना साकळायला पुरेसा आरएनए उरत नाही.

'द्रव' या शब्दालाही पुढे मुरड घालावी लागली. कणांच्या पृष्ठभागावर मेग-३ प्रथिनाचे घट्ट, न वाहणारे पुंजके असतात, असे जेराल्डिन सेडू यांच्या गटाने दाखवले.

अशी असमान वाटणी एकूण चार विभाजनांत होते. शेवटी पी-४ ही एकच पेशी उरते. तिच्या दोन लेकींपासून त्या कृमीचे प्रत्येक अंडे आणि प्रत्येक शुक्राणू तयार होतो.