नेमबाजीचे तंत्र, लेखांक ७ : ॲक्शनची बैठक

नळीतल्या आट्यांविषयी मागच्या आठवड्यात लिहिले. नळी चांगली आहे, काडतुसे एकाच लॉटची आहेत, नेमबाजाचा श्वास आणि चापावरचे बोटही ताब्यात आहे. तरी गोळ्या विखुरतात. अशा वेळी माझा पहिला संशय ॲक्शन दस्त्यात कशी बसली आहे यावर असतो.

५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. दोघांनाही साधायचे होते ते हेच वर्तुळ. त्याच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ५.२ मिलिमीटर. आता ६५ सेंटिमीटर लांबीच्या नळीचे तोंड फक्त ०.०७ मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतके कलले, तरी ५० मीटरवर गोळी तेवढीच सरकते. एवढ्याशा हालचालीला ॲक्शनखालची एक बारीक फट पुरते.

बोल्ट ज्यात पुढेमागे सरकतो आणि नळी ज्यात आट्यांनी घट्ट बसते, तो पोलादी भाग म्हणजे ॲक्शन. ती दस्त्याला सहसा दोन स्क्रूंनी जोडलेली असते. पण गोळी सुटतानाचा धक्का स्क्रूंनी झेलायचा नसतो. तो झेलण्यासाठी ॲक्शनच्या पोटाखाली रिकॉइल लग असतो. माउझर ९८मध्ये तो ॲक्शनचाच भाग आहे, तर रेमिंग्टन ७००मध्ये नळी आणि ॲक्शन यांच्यामध्ये आवळलेली वेगळी जाड पट्टी. लगची मागची बाजू दस्त्यातल्या खाचेला पूर्ण टेकली असेल, तर ॲक्शन प्रत्येक बारानंतर त्याच जागी परत येते. टेकली नसेल तर दर वेळी थोडी वेगळीकडे बसते. दस्त्यातली जागा उंचसखल असली तर आणखी वाईट : स्क्रू आवळताना ॲक्शनच किंचित वाकते आणि तो ताण घेऊन रायफल झाडली जाते. माझ्या मते अचूकतेचा अर्थ एवढाच, की प्रत्येक गोळी सुटताना सगळे सुटे भाग मागच्या वेळी होते तिथेच असावेत.

लाकूड हे होऊ देत नाही. पावसाळ्यात कोकणातल्या घरांची दारे फुगून चौकटीत अडकतात, तसाच दस्ताही ओल पिऊन फुगतो. अमेरिकी मरीन कोअरला हे व्हिएतनाममध्ये भोगावे लागले. त्यांनी १९६६मध्ये एम४० ही स्नायपर रायफल घेतली, रेमिंग्टन ७००ची ॲक्शन आणि अक्रोडाचा दस्ता असलेली. तिथल्या दमट हवेत दस्ते फुगले, वाकले, नळीला टेकू लागले. नळी झाडताना कंप पावते आणि तिला कुठेतरी लाकूड टेकले की तो कंप बदलतो. सत्तरच्या दशकात आलेल्या एम४०ए१ला म्हणूनच फायबरग्लासचा दस्ता दिला गेला. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याची अडचण निराळी होती. तिथे ली-एनफिल्ड रायफलींसाठी वापरलेले कोचवूड हे लाकूड मऊ असल्याने धक्क्याच्या जागी दबत असे. कारागिरांनी तिथे तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. धक्का कुठे बसतो हे नेमके ओळखून केलेले ते काम मला फार आवडते.

आज बेडिंगसाठी, म्हणजे ॲक्शनची बैठक घडवण्यासाठी, पोलादाची भुकटी मिसळलेले इपॉक्सी वापरतात. लगभोवतीचे थोडे लाकूड खरवडून काढतात, स्क्रूच्या भोकांतून ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवतात. या नळकांड्यांना पिलर म्हणतात, आणि त्यांच्यामुळे स्क्रूचा दाब लाकडावर न पडता धातूवर पडतो. ॲक्शनला इपॉक्सी चिकटू नये म्हणून मेण किंवा तत्सम लेप देतात. एखादा कोपरा जरी लेपाविना राहिला, तरी रायफल दस्त्यात कायमची अडकू शकते. लगच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावतात, मागची बाजू मात्र उघडी ठेवतात. इपॉक्सी सुकल्यावर पट्टी काढली की तिच्या जाडीएवढी जागा मोकळी राहते आणि लग फक्त मागे टेकतो. इपॉक्सी ओले असताना स्क्रू करकचून आवळले, तर जो ताण काढायचा तोच साच्यात कायम होतो. म्हणून ॲक्शन हलक्या दाबाने बसवून इपॉक्सी पूर्ण कडक होईपर्यंत तशीच सोडतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो, त्यामुळे हे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

तपासणी मात्र रायफलधारक स्वतः करू शकतो. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्यावी. नळी आणि दस्त्याचे टोक जिथे शेजारी येतात, तिथे दोन्हींवर एक बोट टेकवावे आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करून पुन्हा आवळावा. बोटाला नळी उचलल्यासारखी किंवा दबल्यासारखी वाटली, तर ॲक्शनवर ताण आहे. काहीच जाणवले नाही तर मागच्या स्क्रूचेही तसेच पाहावे. शेवटी दोन्ही स्क्रू टॉर्क पान्याने, निर्मात्याने सांगितलेल्या मापावर आवळावेत.