आमचे डॉक्टर, आमचे उपाध्ये

हरसूलच्या बाजारांत घटकाभर उभें राहिलें, तर ‘आमचे डॉक्टर’, ‘आमचे वकील’, ‘आमचा गवंडी’ असे शब्द सहज कानीं पडतात. पैसे देऊन ज्याचें काम घ्यावयाचें, त्याला ‘आमचा’ कां म्हणावें, असें नातीनें आम्हांस परवां विचारलें.

व्याकरणापुरतें उत्तर सोपें आहे. षष्ठी म्हणजे केवळ मालकी नव्हे. इतर कारकांत न बसणारा जो ‘शेष’ संबंध, तो पाणिनीनें षष्ठीकडे सोपविला. म्हणूनच धनी ‘माझा नोकर’ म्हणतो आणि नोकरही ‘माझा धनी’ म्हणतो.

परंतु आपल्याकडे या शब्दाच्या पाठीशीं व्याकरणाहून जुना व्यवहार आहे. याच तालुक्यांतील त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांचीं कुळें गांव व आडनांव यांवरून लाविलेलीं असतात. आजोबांची सही नातवाला तेथें सांपडते. यात्रेकरू ‘आमचे उपाध्ये’ म्हणतो, उपाध्ये ‘आमचे यजमान’ म्हणतात. अशा वृत्ति वारशानें जात, भावांत वाटल्या जात, गहाणही पडत. गांवजोशाचा हक्क तर एवढा पक्का, कीं यजमानानें दुसऱ्याकडून कार्य करविलें तरी जोशी दक्षिणेसाठीं फिर्याद करी, आणि मुंबई हायकोर्टानें तो हक्क मान्यही केला होता. सेवा न करितां दक्षिणा मागण्याची ही सोय मुंबई इलाख्यांत १९२६ सालच्या कायद्यानें बंद झाली. तोंवर कोण कोणाच्या मालकीचा होता, हें वाचकांनींच ठरवावें!

बलुत्यांतही सुतार-लोहारांना सुगीला धान्य मिळे, आणि गांव त्यांना सहसा मोडीत नसे. मात्र वाड्यावरून ‘आमचा महार’ अशी हांक येई, तींत वेठ होती. तिला ‘नाहीं’ म्हणण्याची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कौन्सिलांत वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें, तें हाच फास सैल करण्यासाठीं. जुन्या गांवगाड्याचें कौतुक करितांना आमच्या वयाचे लोक एवढें नेमकें विसरतात.

जो उलट ‘आमचे’ म्हणूं शकतो, त्यालाच आपण ‘आमचा’ म्हणावें, असें आम्हांस वाटतें. डॉक्टर ‘माझे रोगी’ म्हणतात, वकील ‘आमचे अशील’ म्हणतात. पैशाचा संबंध येथें दुय्यमच. सरकारी दवाखान्यांतील डॉक्टर बदलून गेले, तरी ‘आमचे डॉक्टर गेले’ अशी हळहळ ऐकूं येते.

सूनबाई भांडीं घासणारीला ‘आमची बाई’ म्हणतात. बाई शेजारणीला ‘माझीं चार घरें आहेत’ असें सांगते. त्यांतलें एक आमचें.