काजू : परदेशी वृक्ष, देशी उद्योग

सणासुदीच्या मिठाईत किंवा लग्नाच्या पंगतीतील मसालेभातात दिसणारा काजू आपल्याच मातीतला असावा, असे सहज वाटते. प्रत्यक्षात हा वृक्ष मूळचा ईशान्य ब्राझीलमधील आहे. तेथील तुपी भाषेतील ‘अकाजू’ या शब्दाचे पोर्तुगीजांनी ‘काजू’ असे रूप केले आणि तेच मराठी, कोकणी व हिंदीत रुळले. मल्याळम भाषेत या झाडाला ‘परंकी मावु’, म्हणजे फिरंग्यांचा आंबा, असे म्हणतात. आज भारत काजूगराचा जगातील सर्वांत मोठा ग्राहक आहे; मात्र त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या बियांचा मोठा भाग आफ्रिकेतून येतो. या विसंगतीमागील अर्थकारण समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फळ कोणते आणि बी कोणती?

काजूचे शास्त्रीय नाव ‘ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटेल’ असे आहे. आंबा, पिस्ता आणि बिब्बा हे त्याचे कुलबांधव होत. आपण ज्याला बोंडू म्हणतो ते लाल-पिवळे रसाळ फळ वनस्पतिशास्त्रानुसार खरे फळ नसून फुगलेला देठ असतो. त्याच्या टोकाला लटकणारी मूत्रपिंडाच्या आकाराची बी हेच खरे फळ. बीच्या टरफलात बिब्ब्याप्रमाणेच त्वचेवर फोड आणणारे दाहक तेल असते. कामगारांना इजा करणारे हेच तेल उद्योगाला मात्र मोलाचे ठरते. वाहनांची ब्रेक लायनिंग, रंग, वॉर्निश आणि कृत्रिम राळ यांच्या निर्मितीत त्याचा उपयोग होतो.

किनाऱ्यापासून कारखान्यापर्यंत

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे झाड गोवा आणि मलबार किनाऱ्यावर आणले. हलक्या, जांभ्या जमिनीत तग धरणारे आणि मातीची धूप रोखणारे झाड म्हणून ते पसरले. आज महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, ओडिशा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू आणि गोवा ही प्रमुख उत्पादक राज्ये आहेत. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग व रत्नागिरीबरोबर कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा, चंदगड हे तालुकेही काजूसाठी ओळखले जातात.

व्यापारी प्रक्रिया उद्योग वाढला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, केरळमधील कोल्लम परिसरात. बिया वाळवणे, भाजणे किंवा वाफवणे, टरफल फोडणे, गर वाळवून त्यावरील साल काढणे आणि अखेरीस प्रतवारी करणे, असे या प्रक्रियेचे टप्पे आहेत. ‘डब्ल्यू-३२०’ सारख्या प्रतीतील आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, बसणाऱ्या अख्ख्या गरांची कमाल संख्या दर्शवतो. आकडा जितका लहान, तितका गर मोठा व महाग. साधारणतः चार किलो बियांपासून एक किलो गर मिळतो.

या उद्योगातील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. फोडणे, सोलणे आणि प्रतवारी ही कामे बहुतांशी त्याच करतात. केरळमध्ये वेतनविषयक नियम कडक झाल्यावर अनेक कारखानदारांनी कमी मजुरीच्या शोधात शेजारच्या तमिळनाडूची वाट धरली.

कच्च्या मालाचा पेच

देशातील कच्च्या काजूचे उत्पादन सात ते आठ लाख टनांच्या आसपास आहे. कारखान्यांची क्षमता त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. ही तूट पश्चिम व पूर्व आफ्रिकेतील आयातीने भरून काढली जाते. मात्र या बाजारात भारत आता एकटा खरेदीदार राहिलेला नाही. यंत्राने बी फोडण्याच्या तंत्राच्या बळावर व्हिएतनामने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काजूगराच्या निर्यातीत भारताला मागे टाकले. सर्वांत मोठा उत्पादक कोत दिव्वारसह आफ्रिकी देशही आता स्वतःच्या भूमीवर प्रक्रिया करण्यास प्रोत्साहन देत आहेत.

धोरणकर्त्यांपुढील पेच येथेच आहे. कच्च्या बीवर आयातशुल्क लावल्यास शेतकऱ्याला संरक्षण मिळते. पण कारखान्याचा खर्च वाढतो आणि कामगार स्त्रीचा रोजगार धोक्यात येतो. शुल्क कमी केल्यास नेमके उलट घडते. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरील आयातशुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्के करण्यात आले. २०१९ मध्ये तयार गराची स्वस्त आयात रोखण्यासाठी किमान आयात किंमत वाढवून तुकड्यासाठी किलोला ६८० रुपये आणि अख्ख्या गरासाठी ७२० रुपये करण्यात आली. कच्चा माल स्वस्त आणि पक्का माल संरक्षित, असे हे सूत्र होते. त्यात कारखान्याचे हित स्पष्ट आहे. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

याच प्रश्नाची दुसरी बाजू मोझांबिकमध्ये दिसली. १९९० च्या दशकाच्या मध्यास जागतिक बँकेच्या आग्रहावरून तेथे कच्च्या काजूवरील निर्यातशुल्क घटवण्यात आले. बिया भारतात येऊ लागल्या, तेथील कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार बेकार झाले. शेतकऱ्याला मिळालेला वाढीव लाभही तुटपुंजा होता, कारण बराचसा लाभ मधल्या व्यापाऱ्यांकडे राहिला. व्यापार उदारीकरणाचा लाभ कोणाला मिळेल, हे बाजाराच्या रचनेवर अवलंबून असते, हा धडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

उत्पादनवाढीची किंमत

केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील काजूमळ्यांवर टी-मॉस्किटो या किडीच्या नियंत्रणासाठी सुमारे दोन दशके, २००० पर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फानची फवारणी होत असे. परिसरातील गावांत गंभीर आजार व जन्मजात व्यंगे यांची नोंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. हेक्टरी उत्पादनाच्या आकड्यात न दिसणारा हा सामाजिक खर्च होता.

पुढील वाट

आयातीवरील अवलंबन कमी करण्याचा शाश्वत मार्ग बागेतूनच जातो. बियांपासून वाढलेल्या जुन्या झाडांऐवजी कलमी रोपे लावणे आवश्यक आहे. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती आणि कर्नाटकातील पुत्तूर येथील काजू संशोधन संस्थेचे कार्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दुसरा मार्ग बोंडूचा. ‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध असलेले हे फळ तोडल्यावर एक-दोन दिवसांतच नासते आणि देशात बहुतेक ठिकाणी झाडाखालीच कुजते. गोव्याने त्यापासून फेणी बनवली आणि २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळवले. रस, सरबत आणि अन्य टिकाऊ पदार्थांसाठी गावपातळीवर प्रक्रिया उभी राहिली, तर त्याच झाडापासून शेतकऱ्याला दुसरे उत्पन्न मिळेल.

चारशेहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आलेले हे झाड आता पूर्णतः भारतीय झाले आहे. त्याचे मूल्य ते लावणाऱ्या आणि त्याची बी फोडणाऱ्या हातांपर्यंत पोहोचवणे, हे यापुढील धोरणाचे खरे काम आहे.